धुतलेल्या पिशवीचा भाव

घंटागाडी ओरडत जाते, ओला वेगळा, सुका वेगळा.
वैशाखात सोलापुरात ओलं असतं तरी काय?
कलिंगडाची साल गल्लीच्या टोकाला पोचेपर्यंत
वाळून चामडं होते.

आमच्या दुकानात सुक्यालाच सत्तावीस नावं.
पुठ्ठा, रद्दी, कडक, फुगा, काळं,
बीड, पत्रा, पितळ, लाल तांबं, जळकं तांबं.
टॉवेलच्या कारखान्यातली चिंधी,
तीही पांढरी निराळी, रंगीत निराळी:
पांढरी गादीत जाते,
रंगीत मशिनीचं तेल पुसते.
आणि दुधाची पिशवी. तिला आम्ही नुसतं ‘दूध’ म्हणतो.

दुकान मैनुद्दीनशेठचं. काटा माझा, वही माझी.
नववीत गणितात गेलो होतो,
आता ग्रॅमला चुकत नाही.

इरव्वा साडेदहाला येते.
जुन्या चादरीचं गाठोडं, चादरीवर मोर होता,
आता चोच राहिलीय आणि पिसाऱ्याचा एक कोपरा.
गाठ सोडताना म्हणते, बघ बे, काटा नीट धर,
माझ्या पाठीला वजन ठाऊक हाय.

न धुतलेलं दूध चौदा रुपये किलो.
धुतलेलं बावीस.
हैदराबादचा व्यापारी पिशवीत नाक घालून वास घेतो,
अत्तर घ्यावं तसा.
किलोला तीनशे पिशव्या बसतात, मी मोजल्यात.
म्हणजे तीनशे वेळा कापायचं, उलटायचं, खळबळायचं,
आठ रुपयांसाठी.

नळ पाचव्या दिवशी. कधी रात्री दोनला.
इरव्वा तांदूळ धुते, त्या पाण्यात ताटं,
ताटांच्या पाण्यात पिशव्या.
उरतं त्याला शेळीसुद्धा तोंड लावत नाही.
मग दोरीवर पिशव्या, आतली बाजू बाहेर.
शेजारच्या गड्डमकाकू विड्या वळता वळता
नाकाला पदर लावतात,
आणि संध्याकाळी तेंदूपानाची कात्रणं
चुलीला म्हणून तिच्याच दारात ठेवतात.

गाठोड्याच्या तळाशी चकचकीत माल:
शॅम्पूच्या पुड्या, वेफर, गुटखा.
याला आमच्याकडं भाव नाही, म्हणून नाव नाही.
नाव तिनं ठेवलं: पावणं.
कामाला येत नाय, आन जात बी नाय.
तरी वेचते. का, विचारलं,
तर म्हणाली, रस्त्यात ठिवू काय मग?
घंटागाडी तिच्या वस्तीत शिरत नाही.
ती पावण्यांना परत डोक्यावर घेते,
मोठ्या रस्त्यापर्यंत सोडायला जाते.
गाडी त्यांना डेपोवर नेते.
तिची जाऊ डेपोवर वेचते,
ती म्हणते, तुझं पावणं पोचलं गं.

मार्चात साहेब आले होते. चहा, बिस्किटं, हातमोजे,
आणि ‘स्वच्छता सखी’ असं छापलेलं प्रमाणपत्र,
लॅमिनेशन केलेलं.
दुसऱ्या दिवशी ते तिनं माझ्या काट्यावर ठेवलं.
मी म्हटलं, कागदात जात नाही, वर प्लास्टिक आहे.
प्लास्टिकात जात नाही, आत कागद आहे.
ती इतकी हसली की शेठ आतून बाहेर आले.
म्हंजी हे बी पावणंच की!
आता ते तिच्या घरी माठावर झाकण आहे,
हे मला तिच्या पोरीनं सांगितलं.

परवा तिनं दूध आणलं, न धुतलेलं.
आंबूस वास, माशा, काट्यावर चिकट डाग.
नळ आला न्हाई का, विचारलं.
आला की, म्हणाली, आणि गाठोड्याची घडी घालत बसली,
मोराची चोच आत गेली.
मग: बारा दिस झालते. शाळेत फोटो हुता तिचा.
एवढंच.

एक किलो सातशे ग्रॅम. दर चौदा.
मी लिहिले तेवीस रुपये ऐंशी पैसे.
बावीसचा दर लावता आला असता,
पण व्यापारी वास घेतो, शेठ माझा पगार कापतो,
आणि मी काही थोर माणूस नाही.

फक्त शेऱ्याच्या रकान्यात,
जिथं शेठ कधी बघत नाहीत,
बारीक अक्षरात लिहून ठेवलं:
पोरीनं केस धुतले.